मदरबोर्डवरील थर्मल पॅडमधून पाझरणारे तेल : बोर्ड गेला असे समजावे का?

मांद्रे_किनारा (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला एक टॉवर संगणक आहे. गावच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांचे चित्रीकरण संपादित करणे आणि जुन्या कॅसेटींवरील भजने उतरवून घेणे ही कामे मी त्यावर करतो. घर समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यात खोलीच्या खिडक्या बंद ठेवूनही भिंतींना ओल येते.

मागच्या आठवड्यात धूळ काढण्यासाठी कॅबिनेटची बाजूची पत्री उघडली, तेव्हा प्रोसेसरच्या शेजारी असलेल्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) खालच्या कडेपासून एक चमकदार, ओशट ओघळ बोर्डावरून खाली उतरलेला दिसला. तो ग्राफिक्स कार्डाच्या खाचेपासून दोन बोटे वर थांबला आहे. संगणक व्यवस्थित चालू आहे. मात्र व्हिडिओ तयार होत असताना व्हीआरएमचे (प्रोसेसरला योग्य दाबाची वीज पुरवणाऱ्या भागाचे) तापमान ९२ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, जे पूर्वी इतके जात नसे. जवळच्या एका दुरुस्ती केंद्रात छायाचित्र दाखवले असता, कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा डबीसारखा भाग) फुटून त्यातील द्रव बाहेर आला आहे, बोर्ड कधीही जळेल, नवा घ्या, असे मला सांगण्यात आले. बोर्ड हातात न घेता दिलेला हा निर्णय मला पटलेला नाही. हा द्रव नेमका कशाचा असावा आणि त्यापासून धोका आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सोल्डरगन_म्हापसा

ओघळ हीटसिंकच्या कडेपासून सुरू होत असेल, तर पहिला संशय थर्मल पॅडवर, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणाऱ्या मधल्या मऊ पट्टीवर, घ्यावा. व्हीआरएमच्या मॉसफेटवर (वीज नियंत्रित करणाऱ्या चिपांवर) आणि कॉइलवर, एम.२ एसएसडीवर, ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीवर असे पॅड बसवलेले असतात आणि त्यांतून कालांतराने सिलिकॉन तेल सुटते. कपॅसिटरचा द्रव आणि हे तेल यांतील फरक घरीही ओळखता येतो.

संगणक बंद करून, विजेची वायर काढून, कापसाच्या बोळ्यावर थोडा द्रव घ्या आणि तो पांढऱ्या कागदाला पुसा. भज्यांच्या कागदावर पडतो तसा पारदर्शक डाग पडला आणि तो दुसऱ्या दिवशीही वाळला नाही, तर ते तेल आहे. त्याला वास नसतो, रंगही बहुधा नसतो. कपॅसिटरचा द्रव बाहेर आला की तो सुकून तपकिरी खपली धरतो, त्याला अनेकदा मासळीसारखा किंवा अमोनियासारखा उग्र वास येतो आणि आजूबाजूचे तांबे हिरवट पडू लागते. शिवाय कपॅसिटरचे डोके फुगलेले किंवा फाटलेले दिसते. साधारण २००० ते २००७ या काळातील मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटरांची साथच आली होती, त्यामुळे जुन्या कारागिरांच्या मनात बोर्डावरचा ओलावा म्हणजे कपॅसिटर हे समीकरण घट्ट बसले आहे. सहा वर्षांपूर्वीच्या बोर्डावर व्हीआरएमपाशी बहुधा घन पॉलिमर कपॅसिटर असतात. त्यांत बाहेर गळण्यासारखा द्रवच नसतो.

आणखी एक पाहा. प्रोसेसरवर द्रवाने थंड करणारा कुलर असेल, तर त्याच्या नळीच्या सांध्यातून गळती होत नाही ना, याची खात्री करून घ्या. तो द्रव पाण्याचा असतो आणि त्याचा धोका खरा असतो.

मांद्रे_किनारा

कुलर साधा पंख्याचा आहे. कागदावरील डाग काल दुपारपासून आज सकाळपर्यंत जसाच्या तसा आहे, वास अजिबात नाही आणि कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत. मात्र ओघळाची खालची कड काळपट आणि गिळगिळीत झाली आहे. पॅडमध्ये तेल असतेच कशाला, हे समजून घ्यायला आवडेल.

वेर्णा_लाईन

मी बरीच वर्षे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडणीच्या कामावर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थर्मल पॅड म्हणजे सिलिकॉन रबराचे एक अतिशय सैल जाळे, ज्यात उष्णता वाहून नेणारी पूड ठासून भरलेली असते. ही पूड बहुधा ॲल्युमिनिअम ऑक्साइडची असते, महागड्या पॅडमध्ये बोरॉन नायट्राइड किंवा ॲल्युमिनिअम नायट्राइडही वापरतात, आणि बऱ्याच पॅडमध्ये वजनाचा पाऊण भाग किंवा त्याहूनही अधिक ती एकटीच व्यापते. एवढी पूड भरल्यावर पॅड खडूसारखा टणक व्हायला हवा, पण तसे झाले तर तो चिपच्या आणि हीटसिंकच्या उंचसखल पृष्ठभागांना चिकटून बसणार नाही. म्हणून उत्पादक सिलिकॉनच्या साखळ्या एकमेकींना कमी ठिकाणी जोडतात आणि त्यामुळे काही साखळ्या कोणालाही न जोडलेल्या, मोकळ्या राहतात. या मोकळ्या साखळ्या म्हणजेच तुम्हाला दिसणारे तेल. किसलेल्या खोबऱ्याच्या चोथ्यात रस जसा अडकून असतो आणि मूठ आवळली की बाहेर येतो, तसेच येथे घडते. हीटसिंकचे स्क्रू मूठ आवळतात आणि उष्णता तेल पातळ करते. त्यात टॉवरमध्ये बोर्ड उभा असतो, त्यामुळे सुटलेले तेल खालच्या कडेला जमून ओघळते. आडव्या ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये तेच तेल पॅडभोवती नुसते वर्तुळ करून थांबले असते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल की तेल सुटणे हे पॅड नकली असल्याचे लक्षण नाही. पॅड जितका मऊ, तितकी तेल सुटण्याची शक्यता अधिक, आणि मऊपणाच तर विकत घेतलेला असतो. चांगल्या पॅडमध्ये हे प्रमाण कमी ठेवण्याची काळजी घेतलेली असते, एवढाच फरक.

हे तेल वीजवाहक नाही. उलट ते उत्तम विद्युतरोधक आहे, ते बोर्डाच्या फायबरग्लासला, सोल्डरला किंवा तांब्याला खात नाही आणि संगणकात आढळणाऱ्या तापमानाला त्याचे विघटनही होत नाही. तेव्हा या ओघळामुळे शॉर्ट होईल, ही भीती काढून टाका.

खारा_वारा

वरील प्रतिसादातील रसायनशास्त्र मला मान्य आहे, परंतु भीती काढून टाका हा सल्ला पुण्यातील किंवा बेळगावातील माणसाला देणे वेगळे आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावरील माणसाला देणे वेगळे. तेल स्वतः वीजवाहक नसले, तरी ते कधी सुकत नाही. म्हणजे पंख्याने आत ओढलेला प्रत्येक कण त्यावर चिकटून राहतो. आपल्या किनारपट्टीवरील हवेत समुद्राच्या फेसातून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण असतात, आणि साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील पाणी शोषून स्वतःच त्यात विरघळते. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते. घरातील मिठाच्या बरणीत पाणी सुटते ते याच कारणाने. ते मीठ बोर्डावरील धुळीत असेल, तर तिथेही तेच होणार आणि खारट पाणी वीजवाहक असते, हे सांगायला नको.

धागाकर्त्यांनी ज्या काळपट, गिळगिळीत कडेचा उल्लेख केला आहे, तिच्याकडे म्हणूनच मी अधिक गांभीर्याने पाहीन.

जुनी_फ्लॉपी

येथे एक शंका आहे. सिलिकॉन तेल पाण्याला दूर लोटते. समुद्राजवळच्या यंत्रसामग्रीतील बोर्डांवर मुद्दाम सिलिकॉनचा संरक्षक लेप देतात. मग तेलाचा थर असलेला भाग खाऱ्या हवेपासून अधिक सुरक्षित असायला हवा, कमी नव्हे.

वेर्णा_लाईन

दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे बरोबर आहे, आणि खारा_वारा यांनी जागेचा मुद्दा काढला तो मी पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवा होता.

संरक्षक लेप हा सिलिकॉनचा असला तरी लावल्यानंतर तो घट्ट होतो, रबरासारखी अखंड त्वचा तयार होते आणि धूळ तिच्या बाहेरच राहते. पॅडमधून आलेले तेल कधीच घट्ट होत नाही. त्याचा स्वच्छ, पातळ थर असेल तोवर त्याखालचा पृष्ठभाग खरोखरच सुरक्षित राहतो. परंतु धुळीचे प्रमाण वाढत गेले की कणांच्या फटींतून ओलावा आत शिरू शकतो आणि तेलाचा चिखल होतो. म्हणून ओघळाचा वरचा चकचकीत भाग आणि खालचा काळा भाग यांना एकच वस्तू समजू नये.

लेपाचा विषय निघालाच आहे, तर किनाऱ्यावरच्या मंडळींनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. खाऱ्या हवेवर उपाय म्हणून अनेकजण बोर्डावर ॲक्रिलिक लेपाचा फवारा मारतात. ज्या जागी सिलिकॉन तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थर जरी असेल, त्या जागी हा लेप धरत नाही. तो मागे सरतो, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात आणि त्या भोकांतूनच गंज सुरू होतो. कारखान्यांत लेप देण्याच्या जागेपासून सिलिकॉनची सामग्री कटाक्षाने दूर ठेवतात ती याचसाठी. आधी तेल पूर्ण काढल्याशिवाय फवाऱ्याचा डबा हातात घेऊ नये.

तेलाव्यतिरिक्त पॅडमधून हलक्या सिलोक्सेनची (सिलिकॉनच्या लहान रेणूंची) वाफही निघते. बंद पेटीत रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा ब्रश असलेली मोटर असेल, तर संपर्कबिंदूवरील ठिणगीने त्या वाफेची वाळूसारखी सिलिका बनते आणि संपर्क तुटू लागतो. अवकाशयानांत तर अशी वाफ भिंगांसारख्या पृष्ठभागांवर जमू नये म्हणून पदार्थांची परीक्षा कठोर असते : निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवून वस्तुमानातील घट १ टक्क्यापेक्षा कमी आणि थंड पृष्ठभागावर जमणारा अंश ०.१ टक्क्यापेक्षा कमी असावा लागतो. घरच्या संगणकात हवा सतत खेळती असते आणि ठिणगी पडणारे संपर्क जवळपास नसतातच, त्यामुळे त्याची चिंता तुम्हाला नको.

फोंडा_वाचक

धागा वाचून मी माझ्या लॅपटॉपची एसएसडी पाहिली आणि तिच्या पॅडभोवतीही ओशट कड दिसली. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणारे स्पिरिट लावून पुसले तर चालेल का?

सोल्डरगन_म्हापसा

नाही. त्यात पाणी असते आणि इतर द्रव्येही असू शकतात. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, तेच घ्यावे. एसएसडीची पॅडभोवतीची कड स्वच्छ, धूळ न चिकटलेली असेल, तापमानही ७० अंशांच्या आत राहत असेल, तर मी हात लावणार नाही. पॅड एकदा उचलला की तो फाटण्याची शक्यता असते आणि मग नवा शोधावा लागतो.

वेर्णा_लाईन

यात एक भर घालतो, कारण या ठिकाणी बहुतेकांची फसगत होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सिलिकॉन तेल नीट विरघळत नाही. एकदा पुसले की पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, प्रत्यक्षात तेल पातळ होऊन अधिक जागेवर पसरलेले असते. त्यामुळे अल्कोहोलने पुसायचे असेल, तर प्रत्येक वेळी नवा, धागे न सुटणारा कपडा घेऊन, एकाच दिशेने, आतून बाहेर, निदान चार-पाच वेळा पुसावे आणि तोच कपडा पुन्हा टेकवू नये. तेल खऱ्या अर्थाने विरघळवायचे असेल तर हेप्टेन किंवा शुद्ध नॅफ्था लागतो, आणि त्यानंतर शेवटचा हात अल्कोहोलचा द्यावा. पेट्रोल वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील मिश्रणे मागे राहतात. ॲसिटोनही नको, ते काही प्रकारचे प्लास्टिक विरघळवते.

हे सगळे द्रव झटकन पेट घेतात. पावसाळा असला तरी खिडकी उघडी ठेवा, देवघरातील समई तेवत असेल तर दुसऱ्या खोलीत काम करा आणि द्रव पूर्ण उडून गेल्यावर, किमान तासाभराने, वीज जोडा.

जुनी_फ्लॉपी

ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांपर्यंत तेल पोहोचले तर काय करावे? आमच्या वेळी त्या खोडरबराने घासत असत.

वेर्णा_लाईन

खाचेतील स्प्रिंगचा दाब पातळ तेलाला बाजूला सारतो, त्यामुळे नुसत्या तेलाने संपर्क सहसा तुटत नाही. अडचण होते ती धूळमिश्रित तेल खाचेत ढकलले गेल्यावर. म्हणून कार्ड काढल्यावर आधी पट्ट्या पुसाव्यात, मगच ते परत बसवावे. खोडरबर मात्र नको. सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो. तो झिजला की आपल्या हवेत खालचा निकेल आणि तांबे उघडे पडायला वेळ लागत नाही.

मांद्रे_किनारा

शनिवारी दिवसभर वेळ काढून बोर्ड बाहेर काढला. जे दिसले ते तपशीलवार लिहितो, कारण वरील चर्चेतील दोन्ही बाजूंना त्यात उत्तर आहे.

हीटसिंकचे मागील स्क्रू काढून तो उचलला तेव्हा कॉइलवरील पॅड अजून मऊ होता, पण मॉसफेटवरील पॅड वाळलेल्या पिठासारखा भुसभुशीत झाला होता आणि दोन ठिकाणी तडकला होता. ओघळाच्या चकचकीत भागाखालील सोल्डर अगदी नव्यासारखे उजळ निघाले. म्हणजे तेलाने तिथे काहीही बिघडवलेले नाही. मात्र ओघळाची खालची कड, जिथे पुढच्या पंख्याचा वारा थेट लागतो, तिथे काळा चिखल जमला होता आणि तो पुसल्यावर एका लहान चिपच्या दोन पायांवर हिरवट डाग दिसले. बोर्डाच्या अगदी वेगळ्या टोकाला, यूएसबीच्या पिनांपाशीही तसाच हिरवटपणा आहे, आणि तिथे तेल कधीच पोहोचलेले नाही.

यावरून मी असे समजतो की गंज आणला तो खाऱ्या ओलाव्याने. तेलाने फक्त धूळ धरून ठेवून एका जागी त्याला आसरा दिला. हिरवे डाग अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघाले, पाय शाबूत आहेत. आता नवे पॅड कोणत्या जाडीचे घ्यावेत?

सोल्डरगन_म्हापसा

छान काम केलेत. जाडी अंदाजाने घेऊ नका. जुन्या पॅडचा हीटसिंकच्या बाहेर राहिलेला, न दाबलेला तुकडा असेल तर तो व्हर्निअर कॅलिपरने मोजा. बाजारात ०.५, १, १.५ आणि २ मिलिमीटर जाडीचे पॅड मिळतात. गरजेपेक्षा जाड घेतला तर स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो आणि तेलही अधिक पिळून निघते. पातळ घेतला तर मध्ये हवा राहते.

ही हवा किती घातक असते, ते आकड्यांत पाहा. समजा १ चौरस सेंटिमीटरच्या पॅडमधून ५ वॉट उष्णता जाते. पॅडची जाडी १ मिलिमीटर आणि उष्णतावाहकता प्रति मीटर-केल्विन ५ वॉट असेल, तर त्याच्या दोन बाजूंमध्ये १० अंशांचा फरक पडतो. तोच पॅड सुकून आकसला आणि मध्ये अवघी ०.१ मिलिमीटरची अखंड फट पडली, तर हवेची वाहकता ०.०२६ असल्यामुळे तेवढीच उष्णता त्या फटीतून पार जाण्यास जवळजवळ १९० अंशांचा फरक लागेल. प्रत्यक्षात उष्णता बोर्डातून इतर वाटा शोधते आणि फट सगळीकडे नसते, म्हणून तुमचा बोर्ड ९२ अंशांवर तगून राहिला. डब्यावर १२ ऐवजी १५ वॉट लिहिले आहे का, यापेक्षा पॅड सगळीकडे टेकतो का, हे पाहणे महत्त्वाचे आहे ते यामुळे.

नवा पॅड लावताना दोन्ही बाजूंचे पारदर्शक आवरण काढायला विसरू नका. स्क्रू आवळून पुन्हा एकदा हीटसिंक उचला. प्रत्येक मॉसफेटचा चौकोनी ठसा पॅडवर स्पष्ट उमटला असेल तर जाडी योग्य आहे. पॅडऐवजी थर्मल पेस्ट भरू नका, मिलिमीटरभराची फट ती भरू शकत नाही.

खारा_वारा

सिलिकॉनविरहित पॅडही मिळतात, ॲक्रिलिकवर आधारलेले. त्यांतून सिलिकॉन तेल सुटण्याचा प्रश्न नसतो. धागाकर्त्यांनी त्यांचा विचार करावा का?

वेर्णा_लाईन

करावा, परंतु ते तुलनेने टणक असतात आणि अनेकांची तापमान सहन करण्याची मर्यादा सिलिकॉनपेक्षा कमी असते. कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ किंवा नंतर लेप द्यायचा असलेल्या बोर्डावर ते मोलाचे आहेत. येथे मी मध्यम कडकपणाचा सिलिकॉन पॅड घेईन, अतिमऊ नव्हे.

मांद्रे_किनारा

जुना तुकडा १.५ मिलिमीटरचा भरला. मडगावहून मध्यम कडक पॅड मिळाला, तो बसवला, ठसे सगळ्या मॉसफेटांवर उमटले. तेच नाटक, तोच व्हिडिओ पुन्हा तयार करून पाहिला. व्हीआरएम ७१ अंशांवर स्थिर राहिले. पुढच्या पंख्यासमोर बारीक जाळीचा फिल्टर लावला आहे आणि संगणक खिडकीपासून आतल्या भिंतीकडे हलवला आहे. लेपाचा फवारा मात्र सध्या देणार नाही, कारण सगळे तेल निघाले आहे याची मला अजून खात्री नाही.

एकच प्रश्न उरला आहे : पावसाळ्यात काम नसेल तेव्हा संगणक बंद ठेवणे बरे की चालू?

खारा_वारा

आठवडाभर बंद ठेवू नका. रोज तासभर चालू केला तरी बोर्ड खोलीपेक्षा गरम होतो, त्याच्या लगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता घटते आणि मीठ कोरडे राहते. महिनाभर वापरणार नसाल, तर पिशवीत सिलिका जेलसह बंद करून ठेवा, आणि चतुर्थीच्या आधी एकदा तो हीटसिंक टॉर्च मारून पाहा. नव्या पॅडला तेल सुटणार असेल तर पहिली कड तोवर दिसेल.